चार तास

सकाळी सहा चाळीस. होळी झाली तरी पाण्याकाठी गार.
फॉर्मवर पहिला रकाना हवेचा,
मी 'गार' लिहितो, खोडतो, अंश लिहितो.
नाथसागर उतरू लागलाय.
परवा रोवलेली खुंटी पाण्यात होती,
आज तिच्याभोवती गाळाला भेगा.

काळीपांढरी थाळी दोरीनं खाली सोडायची,
दिसेनाशी झाली की दोरीच्या गाठी मोजायच्या.
थाळी घरचीच आहे, मागून रंगवलेली.
आई अजून विचारते, एक ताट कमी कसं.
धक्क्यापाशी, जिथं ट्रॅक्टर धुतात, तिथं दोन गाठी.
बेशरमाच्या बेटापलीकडं पाच.
मधल्या तीन गाठींत काय काय बुडालंय
ते लिहायला जागा दीड ओळ:
साबण, ऑइल, गुटख्याच्या पुड्या,
युरियाचं पोतं, त्यात अडकून मेलेली एक मरळ.

मानवी हस्तक्षेप: कमी, मध्यम, जास्त.
योग्य तिथं खूण करा.
मी 'जास्त'वर केली आणि मान वर केली
तर शेकाट्यांचा अख्खा थवा हवेत,
लाल तंगड्या मागं लोंबत्या,
आणि काठापासून माझ्यापर्यंत
माझ्याच बुटांची रांग,
एकेका ठशात पाणी भरत चाललेलं.
मला कोणत्या रकान्यात धरायचं
हे तनुजा मॅडमनी सांगितलेलं नाही.

"कामून मोजतो रे पाखरं?"
गयाबाई लिंभोरे. ओट्यात टरबुजाचं बी.
पाणी हटेल तशा त्या खाली सरकतात,
पाणी चढलं की वर.
सातबाऱ्यावर ही जमीन पाटबंधारे खात्याची.
"तो बगळा उभाय नं," त्या म्हणतात,
"तिथं आमची चूल व्हती."
बगळा एक पाय बदलतो.

मग त्या एकदम थांबल्या.
म्हशीच्या खुरानं पडलेल्या खळग्यात
तीन अंडी, गाळाच्याच रंगाची, वर शाईचे शिंतोडे.
मॅडमच्या पुस्तकात नदी सुरय,
आमच्याकडं नुसतं पाणपाखरू.
वर दोन पाखरं किंचाळत डोक्यावर झेपावत होती,
आणि समोरून अन्सारचा ट्रॅक्टर,
मागं मोगडा, पुढं मोबाइलवर कव्वाली.

गयाबाईंनी हात आडवा केला.
"चार तास सोड."
अन्सारनं मनगट पाहिलं.
"चार तास? मावशी, दुसऱ्याचं रान उभंय माझ्या नावानं.
इथं बसून अंडी उबवू का मी?"
"येड्या, घड्याळातले नाही. जमिनीतले."
तो हसला, स्टेअरिंग वळवलं.
आमची अंडी, आमचे तास
यांना वळसा घालून माती उलटी होत गेली.
गयाबाईंनी बियाणं मोजलं. दोन ओंजळी परत बांधली.
"पुढल्या साली बघू," म्हणाल्या,
कुणाला ते कळलं नाही.

दुसऱ्या आठवड्यात अंडी दोन.
तिसऱ्यात कुत्र्याचे ठसे, एक कवच,
आणि ढेकळाच्या सावलीत ढेकूळच वाटावं असं
श्वास घेणारं काहीतरी.
मी जवळ गेलो नाही.
टरबुजाचे वेल तोवर तासांच्या कडेपर्यंत आले होते
आणि एक तर आत शिरलाही होता.
वेलाला कोण सांगणार.

न नांगरलेल्या जागेला फॉर्मवर रकाना नाही.
मी शेऱ्यात लिहिलं: चार तास सोडले.
जूनमध्ये अहवाल आला, गुळगुळीत कागद,
पान नऊवर आमचं गाव आणि पुढं
निरीक्षणाचा कालावधी: चार तास.
गयाबाईंना वाचून दाखवलं.
त्या इतक्या हसल्या की डोळ्यांना पदर लावावा लागला.

दुरुस्ती मी कळवली नाही.
हल्ली बूट काठावरच काढून ठेवतो,
बेशरमाच्या आडोशाला बसून लांबूनच मोजतो.
धुकं असतं, पाखरं एकमेकांमागं दडतात.
आकडे थोडे कमीच येतात.